कुही तालुक्यात डिशचं नेट: १०, २५ की ५० एमबीपीएस?

उमरेडरोड
नमस्कार मंडळी. घर कुही तालुक्यात, मेन रोडपासून बरंच आत. फायबर आलेली नाही. एक स्थानिक नेटवाला ५ गीगाहर्ट्झच्या डिशवर देतो, त्याचा टॉवर सरळ रेषेत ५ किमी. भाव: १० एमबीपीएस ५०० रुपये, २५ चे ८००, ५० चे १२००, वर जीएसटी. बसवायचे ३५०० वेगळे. घरात दोघांचं वर्क फ्रॉम होम, मुलीचे ऑनलाइन क्लास, गोठ्यावर चार कॅमेरे. कोणता प्लॅन घ्यावा? की एअरफायबरची (५जी टॉवरवरून घरात येणारं नेट) वाट पाहावी?

टॉवरचढ्या
भाऊ, प्लॅन शेवटी ठरवा. आधी त्याला विचारा, तुमच्या दिशेच्या सेक्टरवर (टॉवरवरचा तुमच्या बाजूचा अँटेना) किती घरं आहेत आणि चॅनल (लहरींचा पट्टा) किती रुंद आहे. जुन्या ८०२.११एन प्रकारच्या वायफाय रेडिओला २० मेगाहर्ट्झवर कागदोपत्री १३० मिळतात, प्रत्यक्षात फार तर ८०-९० एमबीपीएस, आणि तेही सगळ्यांचे सिग्नल चांगले असतील तर. एखाद्या घराचा सिग्नल उणे ८० वर (शून्यापासून जितका लांब तितका कमजोर) लटकलेला असला की त्याचा डेटा हळू जातो, हवेतला वेळ तेच खातं आणि बाकीचे रांगेत थांबतात. रात्री नऊला १५ घरं एकदम चालू झाली तर वाट्याला पाचेक एमबीपीएस. मग प्लॅन ५० चा असो की २५ चा.

ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत घरगुती ब्रॉडबँडला १:५० पर्यंत वाटणी चालते, म्हणजे एक लाइन पन्नास जणांत. त्यामुळे ‘५० देतो’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, सगळ्यांना एकाच वेळी देतो असंही तो म्हणत नसतो.

माझ्या मते २५ चा घ्या. ८०० चे जीएसटीसह ९४४ होतात, १२०० चे १४१६. महिन्याला ४७२, वर्षाला ५६६४ वाचतात. ते डिश उंच बसवायच्या खांबात घाला.

सागवान
खांबाचं खरं आहे. ५.८ गीगाहर्ट्झवर ५ किमीला नुसता टॉवर दिसून भागत नाही. मधोमध लहरींच्या पट्ट्याची त्रिज्या ८ मीटर असते, त्यातला ६० टक्के तरी मोकळा हवा. म्हणजे अर्ध्या वाटेवरच्या झाडाचा शेंडा तुमच्या रेषेच्या ५ मीटर खाली पाहिजे.

आणि सर्व्हे कोणत्या महिन्यात करता ते पाहा. आपल्याकडे साग एप्रिल-मेमध्ये बोडका असतो. तेव्हा उणे ५८ दाखवणारी लिंक जुलैत पानं फुटली की उणे ७५ वर बसते, अन् लोक पावसाला शिव्या देऊन राहिले. जोराच्या सरीनेही ५ किमीवर एक-दोन डेसिबलच जातात. खरा वैरी ओला पाला, नाही तर कनेक्टरात शिरलेलं पाणी. मे महिन्यात जोडणार असाल तर रेषेत साग, आंबा, चिंच काय काय आहे ते दुर्बिणीतून बघून घ्या, आणि तेव्हा सिग्नल उणे ६० च्या आसपास तरी येऊ द्या. पुढे १०-१२ डेसिबल गेले तरी लिंक तग धरेल.

डीव्हीआर_दादा
कॅमेऱ्यांचं कोणी बोललं नाही. १०८० पी चा कॅमेरा सतत २ एमबीपीएसने क्लाउडला (इंटरनेटवरच्या साठ्यात) पाठवत राहिला तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे म्हणजे दिवसाला ८६ जीबी आणि महिन्याला अडीच टीबीच्या वर. एफयूपी (पूर्ण वेगाच्या डेटाची मर्यादा) त्याच्या आतच संपू शकते. शिवाय ८ एमबीपीएस अपलोड कायमचं अडलेलं, मग मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटणारच. क्लाउडच्या नादी लागू नका. गोठ्यावरच एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) ठेवा, २ टीबीच्या डिस्कवर २३ दिवसांचं रेकॉर्डिंग बसतं. मोबाइलवर सब-स्ट्रीम (कमी दर्जाचं, कमी डेटाचं चित्र) पाहा.

पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा तुमचा स्वतःचा इंटरनेट पत्ता) मिळणार नाही हेही धरून चाला. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट घरच्या कॅमेऱ्याला जोडणं) चालणार नाही, कंपनीच्या ॲपमधूनच कॅमेरे दिसतील.

टॉवरचढ्या
बरोबर. अपलोड किती ते बिलावर लिहून घ्या. ‘२५’ म्हणजे २५ खाली अन् ४ वर, असं सर्रास असतं. दोन मीटिंगा आणि क्लास एकदम चालायचे तर ८ तरी हवेत. एफयूपी किती, संपल्यावर वेग किती, हेही लेखी. २०२३ पासून २ एमबीपीएसच्या खालच्याला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. ३५०० मध्ये डिश तुमची की त्याची, सोडताना काही परत मिळतं का, तेही आत्ताच विचारा. नाही तर मग बसा बोंबलत.

झिरोमाइल
एअरफायबर: जिओचा ३० एमबीपीएसचा प्लॅन ५९९ ला सुरू झाला, जीएसटीसह ७०७, डेटा १ टीबी. पैशाच्या मानाने स्वस्त. पण गावाकडे ५जीचा बहुधा ७०० मेगाहर्ट्झचा बँड (लहरींचा पट्टा) पोचतो, ३५०० पोचेलच असं नाही. ७०० वर जिओकडे १० मेगाहर्ट्झचीच रुंदी आहे, ३५०० वर १००; रुंदी कमी तर वेग कमी. मोबाइलवर ५जी दिसतं म्हणून उड्या मारू नका, ५जीचा कोणता बँड पकडलाय ते पाहा. एन७८ (म्हणजे ३५००) असेल तर डिशचा विचार सोडा. एन२८ (म्हणजे ७००) असेल तर संध्याकाळी आठनंतर स्पीड टेस्ट घ्या, मग बोला.

उमरेडरोड
एन२८ दाखवतंय. म्हणजे डिशच. खांब कसा करू? आणि लाइट सारखी जाते, त्याचं काय?

सागवान
दीड ते दोन इंची जीआय पाइप, अख्खी २० फुटी लांबी. तीन दिशांना ताणाची तार. वाऱ्याने डिश फिरली की सिग्नल पडतो, म्हणून पट्ट्याबरोबर पाइपाला आरपार बोल्टही मारा. विजेच्या तारांपासून इतका लांब की पाइप आडवा पडला तरी लागू नये. अर्थिंग वेगळी. केबल शुद्ध तांब्याची, बाहेरची शिल्डेड. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची लांब अंतरावर व्होल्टेज खाते, मग डिश रात्री-बेरात्री रीस्टार्ट होते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथून गळून जातं.

टॉवरचढ्या
१२ व्होल्टच्या मिनी यूपीएसवर राउटर चालतो, डिश नाही. तिचा पीओई अडॉप्टर (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा) बहुतेक २४ व्होल्टचा असतो. दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. अडॉप्टर पत्र्याखाली ठेवू नका, आपल्या मे महिन्यात तो तिथे शिजतो.

जोडणी झाल्यावर लॅपटॉप केबलने लावून रात्री ९ ला दोन पिंग (जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजणारे छोटे संदेश) सोडा, एक त्याच्या टॉवरच्या गेटवेला (नेटवाल्याकडचं पहिलं यंत्र), एक बाहेरच्या सर्व्हरला. गेटवेचाच वेळ उड्या मारत असेल तर रेडिओ किंवा सेक्टर भरलेला. गेटवे शांत आणि बाहेरचं उड्या मारतंय, तर त्याच्या टॉवरला येणारी मागची लाइन कमी पडतेय. पहिले तीन महिने महिन्यामहिन्याने भरा. वर्षाचे एकदम भरले की दोन महिने फुकट म्हणेल, पण जुलै निघाल्याशिवाय भरू नका.