निगेटिव्ह स्पेसनं काढलं तरी खाटेचे पाय चुकतातच

पळसफूल
आठवी-नववीची पोरं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेची तयारी करताहेत. खाट काढू नका, तिच्या मधली मोकळी जागा काढा, असं सांगून बसवलं. जागांचे आकार बरे येतात, पण पाय कुणाचे मुसळासारखे, कुणाचे काडीसारखे. चित्र कागदाबाहेरही जातं. पुढं बंडीचं (बैलगाडीचं) चाक घ्यायचंय.

सहाबी
कागदाबाहेर जातं म्हणजे चौकट नाही. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यात 6 × 8 सेंमीची खिडकी कापा आणि कागदावर 18 × 24 सेंमीची चौकट आखा. प्रमाण दोन्हीकडं 3:4च हवं, नाहीतर सगळं ताणलं जातं. खिडकीच्या मधोमध उभा-आडवा काळा दोरा चिकटवा, चौकटीतही तशाच फिकट रेघा ओढा. खिडकीतून बघताना एक डोळा मिटायचा, कोपर वाकवायचा नाही. खाट निदान दोन बाजूंनी खिडकीच्या कडेला टेकलेली दिसली पाहिजे. तेव्हाच बाहेरची मोकळी जागा बंदिस्त होते; मोकाट जागेला आकारच नसतो.

आता पाय. शेजारच्या दोन जागा सुट्या-सुट्या काढल्या की दोन्हींतली चूक मधल्या पायात जमा होते. पाय मुळातच अरुंद, त्यामुळे 3 मिमीचा फरकही तिथं डोळ्यात भरतो. एक जागा पुरी करा. मग पेन्सिलीवर अंगठ्यानं पायाची जाडी धरा आणि ती त्या जागेच्या रुंदीत किती वेळा बसते ते मोजा. सात वेळा बसली तर रुंदीच्या सातव्या भागाएवढी पट्टी सोडा, मगच पुढची जागा.

कोरा_कागद
सहाबी भाऊंचं मोजमाप बरोबर आहे. भर एवढीच की मागं पांढरं धोतर किंवा चादर टांगा. कुडाची भिंत असली की पोरं मोकळी जागा सोडून कुडाच्या काड्या मोजत बसतात. आणि जागा काढल्याबरोबर काळी करू देऊ नका. सगळ्या जागा 2बी पेन्सिलीनं हलक्या बसल्या की मग गडद 6बी. काळं केलेलं पोरं खोडायला तयार होत नाहीत.

बंडीच्या चाकात आरे (मधले दांडे) आधी विसरा. धावेचा (चाकावरच्या लोखंडी पट्टीचा) बाहेरचा लंबगोल आणि चौकटीचे चार कोपरे यांच्यामधल्या जागा पहिल्यांदा. मग तुंबा (चाकाचा मधला गड्डा). मग आऱ्यांमधल्या फाका, पण एका टोकापासून ओळीनं नाही: आधी वरची, खालची, डावी, उजवी, मग मधल्या. ओळीनं गेलं की शेवटच्या फाकेला जागाच उरत नाही. चाक तिरपं दिसत असलं की वरच्या-खालच्या फाका लांब आणि निमुळत्या, बाजूच्या आखूड आणि पसरट. पोरं सगळ्या सारख्या काढतात, कारण आरे सारख्या अंतरावर असतात हे त्यांना माहीत असतं. नेमकं तेच इथं आड येतं. फाकांतून दिसणारं पलीकडचं चाक शेवटी घ्या.

पळसफूल
परीक्षेत तांब्या, वांगी, लिंबं येतात. तिथं हे चालेल?

सहाबी
फारसं नाही. गोल वस्तूला आतून फटीच नसतात. तांब्याला मधली उभी अक्षरेषा आणि तोंडाचा लंबगोल हाच रस्ता. मोकळी जागा फक्त तांब्या आणि वांग्यामधल्या फटीसाठी, नाहीतर बादलीच्या कडीसाठी.

मोकळ्या जागांच्या सरावाला उलंगवाडी (कापसाची शेवटची वेचणी) झाल्यावरची वाळकी पऱ्हाटी (कपाशी) द्या, एकच झाड. नखापेक्षा लहान फटी सोडून द्यायच्या.