क्रँकची बेअरिंग बदलताना केस (क्रँक बसतो ते इंजिनचं कवच) गरम करावी का?

प्रश्न: १०० सीसी फोर स्ट्रोक, इंजिन पूर्ण उघडलंय. रेस वाढली की खालून घूं घूं आवाज यायचा. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा) हाताने वर-खाली हलतो. जुन्या बेअरिंगवर ६३०४ सी३ हा नंबर आहे, दुकानदार साधी ६३०४ देतोय. चालेल?

पाना_१२: नाही. माप तेच, २० x ५२ x १५ मिमी (आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी). पण सी३ मध्ये गोळ्या आणि रिंगांमधली ढील जास्त असते. प्रेसने बसवल्यावर रिंग ताणली जाते, वर इंजिनची उष्णता. साधी बेअरिंग जाम होऊन लवकर जाते. सीलवाली मिळाली तर दोन्ही सील काढा, ऑइल आत जायला हवं.

लेथवाला: केस गरम कराच. ओव्हनमध्ये १०० ते १२० अंश, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. थुंकीचा थेंब चुर्र करून उडाला की केस तयार. बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनाने बसते. गॅसची ज्योत एकाच जागी धरू नका, अ‍ॅल्युमिनियम वाकडं होतं. ठोकायची वेळ आलीच तर पाइप बाहेरच्या रिंगवर टेकवा. आतल्या रिंगवर ठोकलं की गोळ्यांचे वण उमटतात, नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करते.

पाना_१२: बेअरिंग क्रँकवरच राहिली असेल तर छिन्नी घालू नका, क्रँक आउट होतो, म्हणजे सरळ फिरत नाही. सेपरेटर पुलर (बेअरिंगमागे पकडून ती ओढून काढणारं हत्यार) लावा, नंतर डायल गेजवर रनआउट, म्हणजे क्रँक फिरताना किती डगमगतो ते, तपासून घ्या.

प्रश्नकर्ता: केसमधली बेअरिंगची बैठक एका बाजूला आरशासारखी चकाकतेय.

लेथवाला: म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग बैठकीत फिरलीय. काही जण बैठक घट्ट करायला सेंटर पंचचे ठिपके मारून देतील, ते टिकत नाही. बैठकीत बुश (धातूची कडी) मारून बोअरिंग करा, म्हणजे आतून मापात कापून घ्या, नाहीतर केस बदला.