विषय: उत्तर: नवमतदार वर्गाचं पत्रक – म्यूरची दोन पानं

मंडळी, पत्रक आज रात्री छापायला जातंय. एकूण पानं चार, त्यातली दोन अण्णांच्या रिकी म्यूरची! ऑस्ट्रेलियाच्या सेनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, दोन वर्षंही पुरी न बसलेल्या माणसाला इतकी जागा? अण्णा, एका पानात बसवा, नाहीतर मी कात्री लावते.
– सचिव

कात्री लावायची नाही. 2013 मध्ये व्हिक्टोरिया राज्यात त्याला पहिल्या पसंतीची मतं 0.51 टक्के. निवडून यायला लागणारा कोटा 14.3 टक्के. मधली सगळी भर छोट्या पक्षांच्या आपसातल्या साटंलोट्यातून. तेव्हा मतपत्रिकेवर रेषेच्या वर, म्हणजे पक्षांच्या चौकटीत, 1 लिहिला की पुढचा क्रम पक्षच लावायचा. ते कळलं तरच आज रेषेच्या वर किमान 6 चौकटी भरा असं का सांगतात ते कळेल. आणि हा वर्ग पहिल्यापासून मी घेतोय.
– अण्णा

वर्ग तुमचाच हो, कोण हिसकावतंय! पण ‘लॉटरी लागलेला सेनेटर’ हे शीर्षक काढा. लाकडाच्या गिरणीत राबलेला माणूस, टीव्हीवरच्या मुलाखतीत अडखळला म्हणून देशभर हसं केलं. जुलै 2014 मध्ये आर्थिक सल्लागारांना मोकळीक देणारे नियम त्यानेही तारले होते, पण नोव्हेंबरात फिरला आणि ते पडले. आमच्या सासूबाईंची पुंजी अशाच एका सल्लागाराने घालवलीय, म्हणून मला त्याचं कौतुक.
– वहिनी

वहिनी, त्याच डिसेंबरात निर्वासितांच्या तात्पुरत्या व्हिसाच्या बाजूनेही त्याने मत दिलं. ते का गाळता?
– पूर्व उपनगरवाले काका

गाळत नाही. ख्रिसमस आयलंडवर कोंडलेली मुलं सुटावीत म्हणून दिलं, असं त्याचं म्हणणं. पटो न पटो, लिहा.
– वहिनी

व्हिसावर घसरू नका, गेल्या गणपतीत काय झालं आठवतंय ना! मुद्दा राज्याच्या मतपत्रिकेचा. सेनेटची पद्धत 2016 मध्ये बदलली, लगेच दोन्ही सभागृहं विसर्जित झाली, जुलैत म्यूर पडला. 2018 मध्ये तो शूटर्स पक्षाकडून राज्याच्या खालच्या सभागृहाला उभा राहिला, तिथेही पडला. राज्याच्या वरच्या सभागृहाला मात्र 2022 लासुद्धा पक्षाने क्रम लावायची जुनीच पद्धत होती. सेनेटची आणि राज्याची, दोन्ही मतपत्रिका एकाच पानावर छापल्यात तर लोक घोळ घालणारच.
– मागच्या वर्षीचा खजिनदार

म्हणूनच दोन पानं!
– अण्णा

दीड. शीर्षक नुसतं ‘रिकी म्यूर’. उरलेल्या अर्ध्यात पार्किंगचा नकाशा. हॉलच्या किल्ल्या कुणाकडे आहेत?
– सचिव