पंचवटी आणि गोदाघाट : एका दिवसात काय पाहावे?

प्रश्न : आईवडिलांसह नाशिकला येत आहोत. देवदर्शन होईलच, पण पंचवटीची जुनी वस्तीही नीट समजून घ्यायची आहे. आपण कोठून सुरुवात कराल?

उत्तर १ : पहाटे रामकुंडावरून सुरुवात करावी. तेथून जवळच, गोदावरीच्या पात्रातच, दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेपर्यंत आले की छातीपर्यंत, यावरून नाशिककर आजही पुराचा अंदाज घेतात. पुढे कपालेश्वराच्या पायऱ्या चढाव्यात, कारण महादेवापुढे नंदी नसलेले देऊळ सहसा पाहायला मिळत नाही.

उत्तर २ : काळाराम मंदिर घाईने उरकू नये, ही कळकळीची विनंती. पेशवाईत सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलेले हे देऊळ देखणे आहेच. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या दरवाजांपुढे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला, त्या दरवाजांपाशी थोडा वेळ उभे राहिल्याशिवाय पंचवटी कळली असे मला तरी वाटत नाही.

उत्तर ३ : नारोशंकराच्या देवळातील घंटाही पाहावी. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर तेथून आणलेली, अशी तिची ओळख सांगतात. नंतर पूल ओलांडून भांडी बाजारात यावे. तांब्यापितळेच्या दुकानांपुढून चालताना वेळ कसा जातो ते कळत नाही. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, आईवडिलांचा हात धरावा.