आज्ञा देवाची पाळायची, की पाळकांची?

तिसरा_बाक:
"देवाच्या आज्ञेत चाला" याचा मंडळीत (चर्चमध्ये) व्यवहारात निघणारा अर्थ "पाळक (चर्चचे धर्मगुरू) सांगतील तसं करा" एवढाच उरलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरी कुठली घ्यावी, लग्न कुणाशी करावं, सगळ्याला एकच शिक्का: "प्रभूने मला दाखवलंय." प्रश्न विचारला की "बंडखोरी हे जादूटोण्यासारखं पाप" हे बायबलमधलं वचन तोंडावर. येशूचा शिष्य पेत्र म्हणाला, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (प्रेषितांची कृत्ये 5:29). कुणासमोर म्हणाला? मुख्य याजक आणि धर्मसभेसमोर! प्रवचनात हा भाग बरोबर गाळला जातो.

मोहरीचा_दाणा:
बंडखोरीचं ते वचन ज्या अध्यायात आहे तो पूर्ण वाचा, 1 शमुवेल 15. राजा शौलाने देवाची आज्ञा धुडकावली नव्हती, सोयीने कापली होती. शत्रू अमालेक्यांचं काही राखायचं नव्हतं. याने त्यांचा राजा अगाग आणि धष्टपुष्ट मेंढरं राखली. वर छातीठोकपणे सांगतो, मी आज्ञा पाळली. संदेष्टा शमुवेल विचारतो, मग मेंढरांचं हे बेंबाटणं कसलं ऐकू येतंय? तर म्हणे लोकांनी आणली, यज्ञासाठी! आपणही हेच करतो. आपली मेंढरं आपल्याला ऐकू येत नाहीत, म्हणून कुणीतरी शमुवेल लागतो. "आपल्या पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा" हे इब्री 13:17 उगाच लिहिलेलं नाही.

तिसरा_बाक:
त्याच शमुवेलाने तीन अध्याय आधी भर लोकांत विचारलं होतं: मी कुणाचा बैल घेतला, कुणावर जुलूम केला, कुणाकडून लाच खाल्ली, सांगा, परत करतो. असा हिशेब देणारा पुढारी दाखवा, इब्री 13:17 उद्यापासून पाळतो. आणि ऑस्ट्रियाचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर आठवा. हिटलरसाठी लढायला नकार दिला. खुद्द बिशपांनी समजावलं की घरच्यांचा विचार कर. ऐकलं नाही. 1943 मध्ये शिरच्छेद झाला, आणि 2007 मध्ये त्याच चर्चने त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

मोहरीचा_दाणा:
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. त्याने जीव दिला, मागे बायको आणि लहान मुली. पाळकांचं न ऐकून तुम्ही-आम्ही काय गमावतो? ज्या "देवाच्या आज्ञेत" दरवेळी आपलाच फायदा निघतो, तिचा मला संशय येतो.

ओलं_सरपण:
दोघेही कृपा विसरलात. तारण (पापातून सुटका) देवाच्या कृपेने आहे, कर्मांनी नाही (इफिस 2:8-9). आज्ञा पाळायच्या त्या प्रीतीपोटी: "माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल", योहान 14:15. आणि पाळकांनी "दाखवल्याशिवाय" कळणाऱ्या आज्ञा काय कमी आहेत? वडिलांच्या जागेवरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला, पण दशांश (चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग) एक महिना चुकत नाही, अशी माणसं पाहिलीत ना? मत्तय 5:23-24 सांगतं, अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन समेट कर.

मोहरीचा_दाणा:
आमेन. इथे माझा वाद नाही.

तिसरा_बाक:
माझा आहे. हेच वचन उलटं वापरलं जातं. पुढाऱ्याने दुखावलेल्यालाच बोलावून सांगतात, "तू क्षमा कर, जाऊन समेट कर." नीट वाचा: ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याने अर्पण सोडून उठायचंय. पुलपिटवरून (प्रवचनाच्या व्यासपीठावरून) असं उठून गेलेलं कुणी मला तरी अजून दिसलेलं नाही.