‘बंद करा ते’पासून ‘मला पण पाठवा’पर्यंत : मैफलीतलं रेकॉर्डिंग (अनुभव धागा)

मंडळी, दिवाळीत अंबाजोगाईच्या घरी माळा आवरताना वडिलांची कॅसेटींची पेटी खाली काढली. वडील शाळामास्तर. गाणं स्वतःला येत नव्हतं, पण पंचक्रोशीत कुठं तंबोरे जुळले की खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून हे हजर. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. ख्याल ऐन रंगात यायचा आणि नेमकी बाजू संपून ‘खट्’ व्हायचं. त्या आवाजानं बुवांच्या कपाळावर उमटलेली आठी मला अजून आठवते.

पेटीतल्या एका कॅसेटीवर वडिलांच्या अक्षरात एवढंच आहे : ‘पुसली. शब्द दिला होता.’ आईला विचारलं. एका गणेशोत्सवात एक वयस्कर गवई आले होते, एसटीच्या प्रवासानं आवाज बसलेला. बसण्याआधी म्हणाले, “मास्तर, लावा टेप. पण सकाळी मी ऐकणार. नाही पटलं तर पुसायचं.” सकाळी चहा घेता घेता त्यांनी अर्धा तास ऐकलं आणि नकाराची मान हलवली. वडिलांनी त्यांच्यासमोरच त्यावर रेडिओ भरला. मी ती कॅसेट लावून पाहिली. बातम्या आणि बाजारभाव आहेत.

ते गाणं गेलं याची मला हळहळ वाटते. वडिलांनी पुसलं ते बरोबर केलं, असंही वाटतं. दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला उमगत नाही, म्हणून हा धागा.

आपल्याकडे गाणं ऐकायची सोय नाही असं नाही. अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह आहे, नांदेडचा संगीत शंकर दरबार आहे, वेरूळ-अजिंठा महोत्सव आहे. आमच्या तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंचा पखवाज देशभर वाजला, १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण असे मोजकेच. गावोगावचे भजनी, पेटीवाले, तबलजी यांची तबकडी कुण्या कंपनीनं काढली नाही. त्यांचा आवाज राहिला असेल तर तो कुणा श्रोत्यानं भरून ठेवला म्हणूनच.

तुम्ही रेकॉर्ड करत होता तेव्हा कलावंत काय म्हणाला? कलावंत असाल तर समोर मोबाईल दिसला की काय वाटतं? कुणाचा राग सांगायचा असेल तर नाव न घेता लिहा.

परभणीची गायिका

मी भावगीतं, अभंग, थोडं उपशास्त्रीय गाते. तीन वर्षांपूर्वी एका लग्नसराईतल्या कार्यक्रमात स्टेजवर मॉनिटर नव्हता, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. अंतऱ्यात वरचा सा चढा लागला. पुढचे दोन तास मी चांगली गायले, लोकांनी वन्स मोअर दिला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला तो मात्र चाळीस सेकंदांचा तेवढाच तुकडा. माझ्या शिकवणीतल्या मुलींच्या आयांपर्यंत पोचला. नणंदेनं मला फोन करून विचारलं, “वहिनी, बरं नव्हतं का त्या दिवशी?”

माझा विरोध आठवण जपण्याला नाही. समोरचा माणूस दिसेनासा होतो हे मला सोसत नाही. आपण गातो ते कुणाच्या तरी डोळ्यांकडे बघून. कोण मान हलवतंय, कुणाचा हात मांडीवर ताल धरतोय, त्यावर पुढची जागा सुचते. तिथं आता उजेड पडलेले मोबाईल असतात. आता मी सुरुवातीलाच हात जोडून सांगते : पहिलं गाणं हवं तेवढं घ्या, मग फोन खिशात. दहातले आठ जण ऐकतात. जे ऐकत नाहीत ते नेमके पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर असतात, आणि त्यांना सांगायची आयोजकांची हिंमत होत नाही.

तबलजी, नांदेड

ताई, तुमचं नाव तरी त्या तुकड्याखाली आलं. मी अठ्ठावीस वर्षं साथ करतो. माझ्या वादनाचे पन्नास तरी व्हिडिओ फिरतात. खाली गायकाचं नाव, रागाचं नाव, हॉलचं नाव. तबल्यावर कोण, ते नाही. दोनदा तर कॅमेरा लावणाऱ्यानं मला अर्धं कापलं, नुसता डग्ग्यावरचा हात दिसतो.

माझे गुरुजी टेप दिसला की एकलवादन आवरतं घ्यायचे. सुरुवातीचा पेशकार, मग ‘कायदा’ नावाच्या दोन रचना, संपलं. राखून ठेवलेल्या गती (तबल्याच्या बांधीव रचना) बाहेर निघायच्याच नाहीत. लोकांना तो कंजूषपणा वाटे. पण त्यांनी एकेक गत दहा-दहा वर्षं गुरूच्या घरी पाणी भरून मिळवली होती. आमच्या धंद्यात ‘चीज चोरणं’ हा शब्द उगाच आलेला नाही. गुरुजी गेले आणि त्यातल्या काही गती आम्हा तिघा शिष्यांकडे मिळूनही पुऱ्या नाहीत. त्या वेळी कुणी चोरून भरलं असतं तर आज मीच जाऊन त्याचे पाय धरले असते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

जुना श्रोता

ख्यालगायिका केसरबाई केरकर मैफलीत टेपरेकॉर्डर चालू देत नसत. त्यांचीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबरच्या सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली. ती मात्र त्यांनी आधीच स्वतः ठरवून, ग्रामोफोनच्या तबकडीसाठी म्हणून गायलेली. हा फरक मोठा आहे.

टाळकरी (बीड जिल्हा)

आमच्याकडं सप्त्यात आता महाराजांच्या पुढं टाळकऱ्यांच्या आधी स्टँडं उभी राहतात. एका वयस्कर महाराजांनी मागच्या साली अभंग मधेच थांबवला अन् म्हणाले, “माऊली, टाळी वाजवायला दोन हात लागत्यात. एक हात मोबाईलला दिला तर पांडुरंगाला काय द्यायलाव?” सगळ्यांनी फोन ठेवले. स्टँडावरले तेवढे चालूच राहिले.

त्यांनी मला नंतर पंगतीत खरी अडचण सांगितली. काल एका गावात दिलेला दृष्टांत आज दुसऱ्या गावातल्या बायांना आधीच पाठ असतो. रोज नवा कुठून आणायचा? पूर्वी एक कीर्तन वर्षभर गावोगाव फिरायचं आणि फिरता फिरता मुरायचं.

पण माझी माय दोन वर्षं अंथरुणाला होती. तिला रोज संध्याकाळी त्याच फोनवरलं कीर्तन लागायचं. तेव्हा मी कुणाला ‘करू नका’ म्हणू शकत नाही.

वकील, लातूर

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ नुसार सादरीकरणावर कलावंताचा स्वतःचा हक्क असतो, तो ५० वर्षं चालतो. २०१२ च्या दुरुस्तीनं तो आणखी पक्का झाला. कलम ३९ मध्ये सूट आहे : स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्या-संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग या हक्काचा भंग ठरत नाही. म्हणजे घरी ऐकायला भरलं ते वेगळं, चॅनलवर चढवलं ते वेगळं. गीताचा आणि चालीचा हक्क हा निराळा विषय. शिवाय आयोजक तिकिटावर मनाईची अट घालू शकतो.

भीमगीतांच्या वस्तीतला

आमच्याकडं उलटं. १४ एप्रिलच्या मागंपुढं रात्र-रात्र गायन पार्टीचे सामने चालतात. लहानपणी एका शाहिरांनी स्टेजवरून सांगितलेलं आठवतं : “पोरांनो, भरून घ्या, लई भरून घ्या. आमचं गाणं कोणी छापत नसतंय.” वामनदादा कर्डकांची गाणी माझ्या आज्यापर्यंत अशीच पोचली, कुणाच्या तोंडून, कुणाच्या वहीतून, कुणाच्या कॅसेटीतून. आमच्यासाठी रेकॉर्डिंग म्हणजे आमचं ग्रंथालय. एकच राग येतो : गाणं उचलून कवीचं नाव गाळतात. आंबेडकरी गाण्यात शेवटच्या कडव्यात कवी आपलं नाव गुंफतो. लोक क्लिप कापताना नेमकं तेच कडवं कापतात.

जालन्याची, सध्या कॅलिफोर्नियात

इथं ग्रेटफुल डेड नावाच्या बँडनं १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना हॉलमध्ये वेगळी जागाच दिली. माइकचे उंच दांडे लावा, कॅसेटी एकमेकांना द्या, फक्त विकू नका. उलट टोक म्हणजे जॅक व्हाइट : २०१८ च्या दौऱ्यात प्रेक्षकांचे फोन दारातच कुलूपबंद पिशवीत घालायला लावले, पिशवी मात्र ज्याची त्याच्याजवळ. अशा एका कार्यक्रमाला मी गेले होते. पहिली दहा मिनिटं हात रिकामे वाटले, मग शेजारच्या अनोळखी बाईशी गप्पा झाल्या.

बाकी जे फोनवर भरताहेत त्यांना एक सांगते. फोन आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतो. आलापात खोकलासुद्धा मोठा येतो, तबला सुरू झाला की गळा दबतो, आणि काही फोन तर तंबोऱ्याला गोंगाट समजून गाळतात. कलावंताला ‘हे माझं गाणं नव्हे’ वाटतं ते पुष्कळदा खरंच असतं.

धागाकर्ता

तबलजींचं वाचून रात्री पेटी पुन्हा उघडली. वडिलांनी प्रत्येक कॅसेटीच्या कागदावर गायकाखाली हार्मोनियम आणि तबला कुणाचा ते लिहिलंय. एका ठिकाणी नाव नाही, नुसतं ‘तबला : परळीचा मुलगा’. वर्ष १९८७. म्हणजे तो आज पंचावन्न-साठीचा असेल. दुसऱ्या बाजूला झपताल आहे. एका तिहाईनंतर कुणीतरी जवळून “वा रे पोरा” म्हणतं, तो आवाज माझ्या वडिलांचा आहे.

परळीकडचं कुणी हे वाचत असेल आणि त्या काळात अंबाजोगाईत साथीला येणारा कुणी माहीत असेल तर मला कळवा. तो तुकडा इथं टाकत नाही. आधी त्याला ऐकवायचा आहे, मग तो म्हणेल तसं.