एमजीबीचे सिल घरी वेल्ड करावेत का?

लेस्टरकर

माझ्याकडे 1972ची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे छप्पर उघडणारी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार, क्रोम बंपरवाली. दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा लाल रंग चकचकीत होता. फक्त डाव्या पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला, दाराच्या जरा पुढे, हरभऱ्याएवढा फुगवटा होता. स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहिलं तर तो मुठीपर्यंत आत गेला. चाकाने उडवलेला चिखल तिथे साचतो, वर्षानुवर्षं ओला राहतो आणि सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पेटी, आतून खातो.

एका वर्कशॉपने दोन्ही बाजूंच्या सिलचा खर्च सांगितला, तो गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. मग मी इथल्या कॉलेजात संध्याकाळचा वेल्डिंगचा कोर्स केला, मिग वेल्डर (तारेने वेल्ड करणारं मशिन) घेतला आणि आता सिल घरीच बदलतोय.

माझं मत स्पष्ट आहे. ही गाडी मालकाने स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी, पत्र्यासकट. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्या साध्या पगारदार माणसांनी घेतल्या आणि रविवारी घरासमोर उघडल्या. पुढची मडगार्ड बोल्टवर आहेत. अर्धा इंच आणि नऊ-सोळांश, या दोन पान्यांवर निम्मी गाडी सुटते. पार्ट तर जवळजवळ सगळे नवे मिळतात.

इंजिन 1798 सीसीचं बी-सिरीज. आपल्या अँबॅसिडरचं जुनं 1489 सीसी इंजिन याच घराण्यातलं. माझे काका सोलापूरला अँबॅसिडर टॅक्सी चालवायचे. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावताना मला जवळ बसवून घ्यायचे आणि म्हणायचे, ‘नऊची बेरीज धर.’ आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला लावायचा, सातवा उघडला की दुसरा. लेस्टरच्या गॅरेजमध्ये मी तीच बेरीज करतो आणि ती बरोबर येते. काका कुठल्या कोर्सला गेले नव्हते.

तुमचं मत काय?

वेल्डिंगवाला

टॅपेटबद्दल पूर्ण सहमत. सिलबद्दल अजिबात नाही.

मी कॉव्हेंट्रीजवळ बॉडीशॉपमध्ये अठरा वर्षं काम करतोय. रोडस्टरला छप्पर नाही आणि वेगळी चासीही नाही. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग मुख्यतः दोन सिल आणि मधल्या टनेलने (दोन सीटमधून जाणाऱ्या पत्र्याच्या बोगद्याने) एकमेकांना धरलेला असतो. सिलसुद्धा एक पत्रा नसतो. बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा, आतला सिल आणि खाली कॅसल रेल, असे सगळे मिळून ती पेटी होते. यातला एक पत्रा नीट जोडला नाही तर पेटीचा जोर जातो, आणि वरून रंग मारल्यावर कोणालाही ते दिसत नाही.

गेल्या वर्षी एक एमजीबी आमच्याकडे आली. मालकाने ती ‘घरी पूर्ण रिस्टोअर केलेली’ म्हणून विकत घेतली होती. गाडी चाकांवर उभी असताना दार ठीक उघडायचं, पण जॅक लावून मागची बाजू उचलली की दार उघडेचना. बाहेरचा सिल कापला तर आत जुना सिल तसाच, गंजून जाळी झालेला. त्यावर नवं कव्हर ठोकून, सांध्याला फिलर भरून, रंग दिला होता. त्या माणसाने कुटुंबाला घेऊन मोटरवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगाने ती चालवली होती. ही गोष्ट मला झोपू देत नाही.

तुमचे काका टॅपेट चुकले असते तर इंजिनाने आवाज केला असता. सिल चुकला तर आवाज येत नाही, तो अपघातातच कळतो.

लेस्टरकर

तुम्ही सांगितलेलं काम वाईट आहेच, त्यावर वाद नाही. पण तो दोष घाईचा आणि लपवाछपवीचा आहे. माझ्याकडे आलेल्या गाडीवरही कव्हर सिलच होता, आणि आधीच्या मालकाने ते काम पैसे देऊन करून घेतलं होतं. बिल माझ्याकडे आहे.

मी काय करतोय ते सांगतो, चूक असेल तर दाखवा. गाडी चारही बाजूंनी समतल टेकवली आहे. कापायच्या आधी दोन्ही दारांच्या फटी वर, मध्ये, खाली मोजून भिंतीवर खडूने लिहिल्या. दाराच्या चौकटीत पोलादी नळ्यांचा आधार टाकला, कारण सिल कापल्यावर मधला भाग खचला तर वरची फट मिटते. एका वेळी एकच बाजू. मडगार्ड पूर्ण उतरवलं, कारण सिलचं पुढचं टोक त्याच्या मागे जातं आणि बहुतेक जण तिथेच काम आखडतात. पेट्रोलची टाकी काढून बाहेर शेडमध्ये ठेवली. बॅटऱ्या काढल्या. या मॉडेलला सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात, आणि त्यांच्या खालचा पत्रा ॲसिडने गेलेला होता, तोही बदलला.

तासावर पैसे लावणारा वर्कशॉप एका सिलवर एवढा वेळ घालवेल? मला नाही वाटत.

जुनी नंबरप्लेट

तुम्ही दोघंही कापण्यावर भांडताय. माझा आक्षेप कापण्यालाच आहे. माणसं गंज दिसला की अख्खी गाडी सोलतात, रंग खरवडतात, नवं लेदर घालतात. पन्नास वर्षांपूर्वी ॲबिंग्डनच्या कामगाराने दिलेला रंग एकदा खरवडला की परत आणता येत नाही. जेवढं कुजलंय तेवढंच काढा, बाकीच्यावर आतून मेण फवारा आणि चालवा.

नाहीतर विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज कंपनी 1988पासून एमजीबीचं अख्खं नवं शेल (पत्र्याचा सांगाडा) बनवतेच. त्यात जुने पार्ट घातले की गंजाचा प्रश्न संपला. पण त्या गाडीला 1972ची म्हणायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वेल्डिंगवाला

नंबरप्लेट, रंगाबद्दल तुमचं खरं. पण सिलमध्ये ‘जेवढं कुजलंय तेवढंच’ चालत नाही. गंजक्या पत्र्यावर ठिगळ लावलं तर वेल्डच्या कडेने पुढच्या हिवाळ्यात परत फुटतं. इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात हे विसरू नका.

रेडिंगची मावशी

मी अकरा वर्षं स्वतः एमजीबी सांभाळते, म्हणून बोलते. लेस्टरकर, तुझ्या बाजूने आहे मी. दोन एसयू कार्ब्युरेटर जुळवायला मी कोणाकडे गाडी नेत नाही. रबराची नळी एक टोक कानाला, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडून हवेचा फुसफुस आवाज सारखा आला पाहिजे. मग पिस्टन पिनने किंचित उचलायचा. इंजिनाचा वेग चढून चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, पडला तर कमी, जरासा चढून स्थिर झाला तर बरोबर. हे कान तयार व्हायला मला दोन उन्हाळे लागले. गाडी दुसऱ्याच्या हाती दिली असती तर ते झाले नसते.

पण एका बाबतीत वेल्डिंगवाला बरोबर आहे आणि तू त्यावर बोलतच नाहीयेस. मे 2018पासून चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाडीला एमओटी, म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. म्हणजे तुझा सिल, तुझे ब्रेक, त्यांचे होज (रबरी नळ्या), काहीच कोणी तपासणार नाही. तूच करणार आणि तूच पास म्हणणार. हे मला मान्य नाही. मी दरवर्षी पैसे भरून एमओटी करते. तीन वर्षांपूर्वी तपासणाऱ्याने पुढचा ब्रेक होज फुगलेला दाखवला. त्याच महिन्यात मी तो पाहिला होता आणि मला ठीक वाटला होता.

लेस्टरकर

मावशी, होजचं वाचून मी खाली जाऊन माझे पाहून आलो. दोन बदलतोय.

एमओटीबद्दल मी खरंच विचार केला नव्हता. गाडी रस्त्यावर येण्याआधी करून घेईन आणि दरवर्षी करेन. तरी सिल दुसऱ्याला देणार नाही, त्या मतावर कायम आहे.

वेल्डिंगवाला, एक विनंती. डाव्या बाजूचा आतला सिल, मधला पत्रा आणि कॅसल रेल लागून झालेत. बाहेरचा सिल अजून क्लॅम्पवर आहे, वेल्ड केलेला नाही. कॉव्हेंट्रीहून तासाभराचा रस्ता असेल. एखाद्या रविवारी येऊन आतले वेल्ड बघाल का? तुम्ही हो म्हणेपर्यंत पेटी बंद करत नाही.

वेल्डिंगवाला

पुढच्या रविवारी दहाला येतो. नळ्यांचा आधार काढू नका, आणि भिंतीवरचे खडूचे आकडे पुसू नका.